गोळी थांबते, धडधड सुरू होते

व्यापारात एखादे जुने खाते बंद करावयाचे असेल, तर जाणता व्यापारी ते एका दिवसात बंद करीत नाही. येणे किती, देणे किती, वाटेत माल कोठे आहे, कोणाचा धनादेश अजून वटावयाचा आहे, हे सारे पाहून तो व्यवहार टप्प्याटप्प्याने मिटविला जातो. स्वतःच्या शरीराशी असलेल्या जुन्या व्यवहाराबाबत मात्र हीच माणसे उतावळी होतात. दहा-बारा वर्षे नेमाने घेतलेली हृदयाची गोळी एखाद्या दिवशी ‘आता पुरे’ म्हणून बंद केली जाते. पहिले दोन-तीन दिवस काहीच जाणवत नाही. गोळी उगाचच चालू होती, असा समज दृढ होतो. मग एका रात्री जाग येते ती छातीतील धडधडीने, आणि तिच्या पाठोपाठ भीतीही येते.

ही धडधड कल्पनेतील नसते. ती बहुतेक वेळा तात्पुरती असते, आणि काही वेळा धोक्याची सूचनाही असते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांतील एकच धरून बसल्यामुळे घरोघरी घोटाळा होतो. कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणून दुर्लक्ष करतो, तर कोणी प्रत्येक ठोक्याला मृत्यूची चाहूल समजतो.

गोळी नेमके काय करीत होती?

रक्तदाब, छातीतील कळ, हृदयाचे अनियमित किंवा अतिजलद ठोके, हृदयविकाराच्या झटक्यानंतरची काळजी अशा अनेक कारणांसाठी ‘बीटा-ब्लॉकर’ या गटातील औषधे दिली जातात. प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही त्यांतील परिचित नावे. ‘लॉल’ हा शेवट बहुतेकांच्या नावात आढळतो, त्यामुळे आपल्या घरातील गोळी या गटाची आहे का, हे वेष्टन वाचूनही बऱ्याचदा कळू शकते.

माणूस घाबरला, रागावला किंवा धावला की शरीरात ॲड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची रसायने वाढतात. हृदयातील पेशींवर त्यांचा निरोप स्वीकारणारी ग्राहके असतात. १९४८ मध्ये अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट यांनी या ग्राहकांचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार मांडले. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी त्या विचाराचा आधार घेऊन बीटा ग्राहकांना अडविणारी औषधे शोधली. १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल वापरात आले आणि हृदयरोगाच्या उपचारांना नवे वळण मिळाले. १९८८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्लॅक यांना अन्य दोन संशोधकांसह विभागून मिळाले.

या गोळीमुळे ॲड्रिनॅलिनचा निरोप हृदयापर्यंत क्षीण होऊन पोहोचतो. नाडी मंदावते, हृदयाचे श्रम कमी होतात. त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते, जी रुग्णाच्या सहसा ध्यानात येत नाही. चिंतेची शारीरिक लक्षणेही, म्हणजे धडधड आणि हातांची थरथर, दबलेली राहतात. व्यासपीठावर उभे राहण्याची भीती वाटणाऱ्यांना डॉक्टर कधी कधी प्रोप्रॅनोलॉल देतात, ते याच कारणासाठी. वर्षानुवर्षे ही गोळी घेणाऱ्या माणसाला काळजी वाटत असते, परंतु ती छातीत वाजत नाही.

अचानक थांबविल्यावर काय होते?

एखाद्या पेढीच्या वृद्ध मालकांना कमी ऐकू येऊ लागले, अशी कल्पना करावी. मुनीम आवाज चढवून बोलू लागतात. एका निरोपासाठी दोघे जण येऊ लागतात. पेढीचे काम सुरळीत चालते. एके दिवशी मालकांचे कान अकस्मात पूर्ववत होतात. मुनीम कालच्याच आवाजात बोलत असतात, परंतु मालकांना तो आरडाओरडा वाटतो.

शरीरातही काहीसे असेच घडते. ग्राहके दीर्घकाळ अडविली गेल्यामुळे शरीर त्यांची संख्या आणि संवेदनशीलता वाढविते. गोळी एकाएकी बंद झाली की नेहमीच्याच प्रमाणातील ॲड्रिनॅलिनचा परिणाम नेहमीपेक्षा अधिक जाणवतो. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, घाम येतो, झोप उडते, हातांना कंप सुटतो. औषध शरीरातून काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत निघून जाते, पण वाढलेली संवेदनशीलता कमी होण्यास अनेक दिवस लागतात. म्हणून त्रास बहुधा काही दिवसांनी सुरू होतो आणि सुमारे दोन आठवड्यांच्या आत ओसरू लागतो.

ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे आहेत, त्यांच्यासाठी मात्र हा काळ केवळ अस्वस्थतेचा राहत नाही. प्रोप्रॅनोलॉल एकदम थांबविल्यावर छातीतील कळ बळावल्याची आणि हृदयविकाराचा झटका आल्याची उदाहरणे १९७५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तेव्हापासून हा धोका वैद्यकविश्वाला परिचित आहे. अमेरिकेत मेटोप्रोलॉलच्या माहितीपत्रकात इशारा दिलेला असतो, की हे औषध अचानक थांबवू नये. एक ते दोन आठवड्यांत मात्रा हळूहळू उतरवावी आणि त्या काळात रुग्णावर लक्ष ठेवावे, असे त्यात सांगितलेले आहे. अनेक वर्षे औषध घेतलेल्यांसाठी डॉक्टर याहून अधिक अवधीही ठरवू शकतात.

संध्याकाळची राहिलेली गोळी

हे प्रत्यक्षात कसे घडते? अहिल्यानगर जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी भुसार मालाची आडत असलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. रक्तदाब आणि जलद ठोके यांसाठी ते अकरा वर्षे सकाळ-संध्याकाळ मेटोप्रोलॉल घेत आहेत. चातुर्मासात त्यांनी चौविहाराचा नियम घेतला. बाजारात आवक वाढली की दुकानातून निघण्यास उशीर होतो. घरी पोहोचेपर्यंत सूर्यास्त झालेला असतो, आणि संध्याकाळची गोळी राहते. आठवड्यातून दोनदा, मग चारदा. पुढे स्ट्रिप संपते. ‘इतके दिवस एका गोळीवर काही झाले नाही, मग दुसरीही कशाला?’ असा हिशेब मांडला जातो आणि नवी स्ट्रिप आणलीच जात नाही.

चौथ्या रात्री तीन वाजता ते दचकून उठतात. नाडी भरधाव असते. पहाटे मुलगा त्यांना दवाखान्यात नेतो. ईसीजीत ठोके जलद आहेत, याखेरीज विशेष काही दिसत नाही. ‘ताण घेऊ नका,’ असे सांगून घरी पाठविले जाते. गोळी बंद केल्याचे ते डॉक्टरांना सांगत नाहीत. डॉक्टर रागावतील असे त्यांना वाटते, आणि मुलासमोर ते कबूल करणे त्याहून जड जाते. पुढचे आठ दिवस ते दुकानात बसतात, पण एक हात मनगटावर असतो. तराजूकडे लक्ष नसते. गाडी चालविणे टाळले जाते, आणि रात्र झाली की धास्ती सुरू होते.

शेवटी गोळ्यांचा डबा आवरताना पत्नीच्या ध्यानात येते. त्या विचारतात, “अहो, ही स्ट्रिप कधीच संपलेली आहे. नवी आणली नाहीत?” थोडा वेळ काहीच उत्तर येत नाही. मग ते म्हणतात, “बंद केली. मुलांना सांगू नका.” त्या मुलाला सांगतात, आणि त्याच दिवशी तिघेही डॉक्टरांकडे जातात. पूर्वी न सांगितलेले एकच वाक्य सांगितल्यावर निदानाचा मार्ग मोकळा होतो. डॉक्टर पुन्हा तपासणी करून औषध सुरू करतात. या वेळी दिवसातून एकदा सकाळी घ्यावयाची, शरीरात हळूहळू मिसळणारी गोळी दिली जाते. धडधड काही दिवसांत उतरते. भीती जाण्यास मात्र अधिक आठवडे लागतात.

अशा प्रसंगी कोणाच्याही श्रद्धेला दोष देण्याचे कारण नाही. उणीव असते ती नियम घेताना औषधाचा विचार न करण्याची. व्रताच्या आधी आठवडाभर डॉक्टरांना भेटून ‘सूर्यास्तानंतर काहीही घेणार नाही, तर गोळीची वेळ कशी बदलावी?’ असे विचारले, तर पुष्कळदा मार्ग निघतो. दिवसातून एकदाच घेता येणारी औषधे उपलब्ध आहेत. प्रत्याख्यानातही आगारांची, म्हणजे सवलतींची, तरतूद असते आणि समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याचा विचार त्यांत केलेला आहे. याबाबत आपल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. मधुमेही साधकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बीटा-ब्लॉकर चालू असताना रक्तातील साखर घसरल्याची धडधड आणि थरथर ही लक्षणे झाकली जाऊ शकतात. त्यामुळे दीर्घ उपवासाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

धडधड आणि भीती यांचे चक्र

धडधड ओसरल्यावरही भीती का रेंगाळते? ठोका चुकल्यासारखा वाटतो, मन दचकते. मन दचकले की ॲड्रिनॅलिन वाढते आणि ठोके आणखी जलद होतात. ते जाणवून भीती अधिक वाढते. कर्जावरील व्याजाला पुन्हा व्याज लागावे, तसे हे चक्र फुगत जाते. दर दहा मिनिटांनी नाडी मोजणे, मनगटी घड्याळातील आकडा पाहणे, रात्रीतून चार वेळा रक्तदाब तपासणे, या सवयी क्षणभर दिलासा देतात आणि चक्राला नवे बळ देतात.

निरोगी प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. हृदय दिवसात सुमारे एक लाख वेळा स्पंदन पावते. त्यांत एखादा ठोका आगंतुक येणे अनेक निरोगी माणसांतही आढळते. गोळीमुळे वर्षानुवर्षे ५८-६० वर राहिलेली नाडी ८५ झाली, तर तो आकडा सामान्यच आहे, परंतु त्या माणसाला तो परका वाटतो. हा परकेपणा म्हणजे रोग नव्हे, एवढे कळले तरी अर्धे ओझे उतरते.

मात्र सारा दोष मनावर टाकण्यापूर्वी शरीर तपासले गेले पाहिजे. थायरॉईडचे वाढलेले कार्य, रक्तक्षय, पोटॅशियमची कमतरता, हृदयाची अनियमित लय यांमुळेही धडधड होते. ईसीजी काही सेकंदांचीच नोंद घेतो, म्हणून डॉक्टर कधी २४ तास किंवा अधिक काळ नोंद ठेवणारा होल्टर लावतात, कधी इको करतात, रक्ताच्या तपासण्या सांगतात. सर्दीच्या काही गोळ्या आणि दम्याचे काही पंप यांनीही ठोके वाढतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू आणि बंद केलेल्या सर्व औषधांची यादी, तारखांसह, कागदावर लिहून न्यावी.

त्वरित रुग्णालय केव्हा गाठावे?

छातीत दाब किंवा कळ, ती हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दम लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा शुद्ध हरपणे, बोलणे अडखळणे, शरीराची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही झाले तर ‘चिंता असेल’ असे म्हणून थांबू नये. शांत बसूनही नाडी बराच वेळ १२० च्या वर राहिली, किंवा ठोके अगदी वेडेवाकडे पडू लागले, तरीही हाच नियम. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. स्वतः गाडी चालवीत जाऊ नये.

गोळी थांबविली आहे परंतु त्रास सौम्य आहे, अशांनीही त्याच दिवशी डॉक्टरांना दूरध्वनी करावा. राहिलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी दुप्पट मात्रा घेऊ नये. बरेच दिवस खंड पडला असेल, तर जुनीच मात्रा आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नये. त्याने नाडी आणि रक्तदाब फार उतरण्याचा संभव असतो.

मधले आठवडे

डॉक्टरांनी तपासून मात्रा उतरविण्याचा क्रम ठरवून दिल्यानंतरही थोडी धडधड जाणवू शकते. त्या दिवसांसाठी काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात.

नाडी आणि रक्तदाब दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी, पाच मिनिटे शांत बसून मोजावा आणि वहीत लिहावा. मधल्या वेळी यंत्र कपाटात ठेवावे. चहा-कॉफी कमी करावी, विशेषतः दुपारनंतर. दुकानात गिऱ्हाइकाबरोबर होणारा आठवा-दहावा कप हिशेबात धरला जात नाही, तो धरावा. शरीरातील पाणी कमी झाले तरी ठोके वाढतात, म्हणून डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातले नसेल, तर दिवसा पुरेसे पाणी प्यावे. तंबाखू पूर्ण वर्ज्य असावी.

धडधड सुरू झाली की पाठ टेकून बसावे. श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा, मिनिटाला सुमारे सहा श्वास या गतीने. पाच-सात मिनिटांत ठोके उतरू लागतात, असा पुष्कळांचा अनुभव असतो. ज्यांना सामायिकाची सवय आहे, त्यांना ४८ मिनिटे एका जागी स्थिर बसण्याचा अभ्यास आधीच असतो, तो येथे कामी येतो. डॉक्टरांची संमती असेल तर रोज सपाट रस्त्यावर चालावे. चालताना ठोके वाढतात आणि थांबल्यावर आपोआप उतरतात, हे रोज अनुभवल्याने मनाचा हृदयावरील विश्वास परत येतो. तीन-चार आठवड्यांनंतरही भीतीमुळे झोप, दुकान किंवा प्रवास सुटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वसुली अडली की व्यापारी वकिलाकडे जातोच, तेथे त्याला कमीपणा वाटत नाही. येथेही तो वाटू नये.

गोळी आयुष्यभर घ्यावीच लागते का?

हा प्रश्न गैर नाही. वैद्यकशास्त्रातही त्यावर सध्या विचार चालू आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाची आकुंचनशक्ती चांगली राहिली, अशा ५,०२० रुग्णांचा स्वीडनमधून चालविलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत मृत्यू किंवा नवा झटका यांचे प्रमाण ७.९ टक्के आणि न घेणाऱ्यांत ८.३ टक्के आढळले, म्हणजे लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच वर्षी फ्रान्समधील ३,६९८ रुग्णांच्या अभ्यासात मात्र वेगळे चित्र दिसले. हे रुग्ण आधीपासून गोळी घेत होते. ज्यांची गोळी थांबविली, त्यांच्यात मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल होणे यांचे एकत्रित प्रमाण २३.८ टक्के होते, तर चालू ठेवणाऱ्यांत २१.१ टक्के. फरक मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या संख्येत होता. गोळी थांबविल्याने जीवनमान सुधारल्याचेही आढळले नाही.

हे आकडे वाचून कोणी घरी निर्णय घेऊ नये. त्यांवरून एवढेच कळते, की गोळी सुरू न करणे आणि चालू असलेली गोळी थांबविणे हे दोन निराळे निर्णय आहेत. थकवा, थंड पडणारे हातपाय, विचित्र स्वप्ने, वैवाहिक जीवनातील अडचण या कारणांमुळे अनेक जण गुपचूप गोळी सोडतात. त्यांनी हे त्रास स्पष्टपणे सांगितले, तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात किंवा क्रमाक्रमाने थांबवूही शकतात. खर्चाची अडचण असेल, तर तेही सांगावे. जन औषधी केंद्रांत या गटातील औषधे जेनेरिक नावाने स्वस्तात मिळतात.

घरच्यांनी काय करावे?

‘काही होत नाही, उगाच घाबरता’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे. त्याऐवजी ‘किती वेळ झाला? चला, थोडा वेळ शेजारी बसतो’ एवढे पुरे असते. गोळ्यांची जबाबदारी एकट्या वडीलधाऱ्यांवर न टाकता, स्ट्रिप संपण्याच्या आठ दिवस आधी नवी आणण्याचे काम घरातील एका तरुणाकडे द्यावे. यात्रेला किंवा खरेदीसाठी परगावी जाताना दोन-चार दिवसांच्या जादा गोळ्या हातातील पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे. खिशातील पाकिटात औषधाचे नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

आणि गोळी बंद केल्याचे कोणी सांगितले, तर त्याच्यावर संतापू नये. पेढीत तूट आली तर ती त्याच दिवशी सांगणाऱ्या मुनीमाचा मान जुने व्यापारी राखत असत, कारण कळलेली तूट भरून काढता येते. घरातही वडिलांना हे बोलणे सोपे वाटले, तर डॉक्टरांपर्यंत खरी माहिती वेळेवर पोहोचते.